तोडणीच्या नव्या करारात यंत्राचे कलम हवे : ऊसतोडणीच्या वाटाघाटीला बसणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
साखर आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे;
अध्यक्ष व संचालक, महाराष्ट्र राज्य सहकारी साखर कारखाने संघ;
आणि ऊसतोड कामगार, मुकादम व वाहतूकदार संघटनांचे सर्व पदाधिकारी

महोदय,

जानेवारी २०२४ मध्ये झालेला तोडणीच्या दराचा करार तीन हंगामांचा होता आणि २०२५-२६ च्या हंगामाबरोबर त्याची मुदत संपते. त्या कराराने दरात ३४ टक्के वाढ दिली, टनाला २७३ रुपये मिळत होते ते ३६६ रुपयांच्या घरात नेले, आणि मजुरांच्या टोळ्या जमवून आणणाऱ्या मुकादमाचे कमिशन १९ टक्क्यांवरून २० टक्के केले. नव्या कराराच्या वेळी टक्केवारीवर रस्सीखेच होईल, संपाचा इशारा दिला जाईल, बैठका लांबतील आणि शेवटी मधला आकडा निघेल, हे आम्ही तीस-चाळीस वर्षे पाहत आलो आहोत. दर किती टक्क्यांनी वाढावा हे सांगण्यासाठी मी हे पत्र लिहिलेले नाही. यापुढे तो दर किती टनांवर मिळणार आहे, हा प्रश्न बैठकीत कोणीतरी विचारावा, एवढ्यासाठी लिहिले आहे.

मी बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. माझे आईवडील बावीस हंगाम कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेले. थोरला भाऊ आणि भावजय अजून जातात. मी गेलो नाही, कारण दरवर्षी दसरा झाला की मला आजीपाशी गावात ठेवून बाकीचे घर गाडीत बसायचे. आमच्या भागातल्या शिक्षकाला दिवाळीनंतरचा अर्धा रिकामा वर्ग नवा नसतो. ज्यांना सांभाळायला घरी कोणी म्हातारे माणूस आहे किंवा ज्यांची हंगामी वसतिगृहात सोय झाली आहे ती मुले राहतात, बाकीची आईबापांबरोबर जातात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये, हातापायांवर पाचटाचे ओरखडे घेऊन परत येतात.

गेल्या जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी माझ्या चौथीच्या वर्गात दोन भावंडे दप्तर न घेता येऊन बसली. मला अर्थातच आनंद झाला. हंगाम भर रंगात असताना मुले परत आली, आता निदान गुणाकार-भागाकार सुटणार नाही, असा माझा मास्तरकीचा हिशोब. संध्याकाळी मारुतीच्या पारावर त्यांचा बाप भेटला तेव्हा दुसरा हिशोब कळला. त्यांची बारा कोयत्यांची, म्हणजे बारा जोडप्यांची, टोळी होती. कारखान्याच्या ज्या गटात, म्हणजे ऊसक्षेत्राच्या ज्या भागात, त्यांना तोड दिली होती तिथे डिसेंबरपासून एक तोडणी यंत्र चालू झाले. पाच फुटी सरीचे सपाट, मोठे, रस्त्याकडेचे फड यंत्राकडे गेले. टोळीच्या वाट्याला ओढ्याकाठचे, अर्ध्या एकराचे, वादळात लोळलेले ऊस आले. सहा आठवड्यांत त्यांचे एकोणीस दिवस बसून गेले. शेवटी मुकादमाने टोळी मोडली, निम्मी माणसे दुसऱ्या कारखान्याला नेली आणि ज्यांच्याबरोबर लहान मुले होती त्यांना परत पाठवले. "सर, मशीनला उभा ऊस आन् आम्हाला लोळल्याला," तो म्हणाला. त्याने एक लाख वीस हजारांची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली होती. फिटली ती सत्तेचाळीस हजार. राहिलेली रक्कम अंगावर आहे आणि पुढच्या हंगामाच्या उचलीतून ती आधी वळती होणार आहे.

उचलीचे गणित आपणांस पाठ आहे, तरीही एकदा कागदावर मांडतो, कारण यंत्राचा परिणाम त्यातच दिसतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एक कोयता दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडतो, मोळ्या बांधतो आणि गाडी भरतो. ३६६ रुपयांच्या दराने एक लाखाची उचल फेडायला २७३ टन ऊस लागतो, म्हणजे १३६ दिवस. हंगाम चालतो तो एवढाच, पुष्कळदा त्याहून कमी. याचा अर्थ असा की पूर्ण हंगामभर एकही दिवस न चुकता काम मिळाले तरच कोयता बरोबरीवर सुटतो. त्यातले तीस दिवस गेले तर २२ हजार रुपये डोक्यावर राहतात. उक्ता दर कितीही वाढवा, टन कमी झाले की ती वाढ पुसली जाते. यंत्राने नेमके टन कमी केले आहेत, आणि कराराच्या कागदात टनांविषयी एक ओळही नाही.

यंत्र काम कसे करते हे मी भावाच्या फडावर गेलो असताना अर्धा दिवस बांधावर उभा राहून पाहिले आहे. आधी आवाज येतो, मग वाढ्यांची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, एक रांग थरथरताना दिसते. पुढचे दोन मळसूत्री दंडगोल गुंतलेली धाटे उचलून सरळ करतात, वरचे कातर शेंडे छाटते, जमिनीलगत फिरणाऱ्या तबकड्यांची पाती बुडख्याशी ऊस कापतात. तो ऊस आत ओढला जातो, वीत-वीतभर लांबीच्या कांड्यांत तुटतो, पंखा पाचट मागे उडवतो आणि कांड्या शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीत पडतात. भावाच्या टोळीला जो फड दोन दिवस पुरला असता तो दुपारच्या जेवणाआधी रिकामा झाला होता. खोटे कशाला बोलू, मला ते पाहताना मजा वाटली. माझ्या शेजारी उभी असलेली भावजय मात्र ट्रॉलीकडे पाहतच नव्हती. तिची नजर सरीत पडलेल्या भुग्यावर होती. "वाढं गेलं की सगळं," एवढेच ती म्हणाली.

हे वाढ्याचे प्रकरण मुंबई-पुण्याच्या बैठकीत क्वचितच निघते, म्हणून जरा थांबून सांगतो. तोडणीची मजुरी उचलीत वळती होत असल्यामुळे हंगामात कोयत्याच्या हातात रोख पैसा असा येतच नाही. तेल, मीठ, चहापत्ती, लेकराचे औषध आणि मोबाइलचा रिचार्ज हे सगळे चालते ते वाढ्याच्या पेंढ्या विकून. सकाळी तोड झाली की बायका वाढे बांधतात आणि आसपासचे दूधवाले शेतकरी ते जागेवर घेऊन जातात. ही या माणसांची रोजची खर्ची आहे आणि ती बहुतेक बाईच्या हातात असते. यंत्राच्या तोडीत वाढे भुगा होऊन रानात पसरते. ते जमिनीला चांगले, हे मी जाणतो. पाचट कुजून जमीन सुधारते, पेटवण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरे. पण या खर्चीची भरपाई कोणत्याही तक्त्यात धरलेली नाही.

आता मोठे आकडे. केंद्राच्या राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून राज्याने मार्च २०२३ मध्ये ९०० ऊसतोडणी यंत्रांसाठी अनुदानाची योजना काढली. यंत्राच्या किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांतले जे कमी असेल ते सरकार देणार. एक यंत्र चांगल्या रानात दिवसाला शंभर टनांच्या वर ऊस तोडते, शंभरच धरा. म्हणजे एक यंत्र पन्नास कोयत्यांचे, अर्थात शंभर माणसांचे काम करते. नऊशे यंत्रे १२० दिवस अशी चालली तर एक कोटी आठ लाख टन ऊस त्यांच्या पोटातून जाईल, आणि तेवढा ऊस तोडणाऱ्या ४५ हजार कोयत्यांना, म्हणजे ९० हजार स्त्री-पुरुषांना, दुसरे काम शोधावे लागेल. यंत्रे पूर्ण क्षमतेने चालत नाहीत, बिघडतात, पावसात रुततात, हे सगळे मान्य करून आकडा निम्मा केला तरी तो पंचेचाळीस हजार माणसांचा होतो. राज्यात ऊसतोड कामगार किती, यावर आठ लाखांपासून बारा लाखांपर्यंत अंदाज सांगितले जातात. जिथे मोजणीतच चार लाखांचा फरक पडतो तिथे नव्वद हजार माणसे कमी झाली तरी कोणत्याच रजिस्टरात त्यांची गैरहजेरी लागणार नाही.

आणि एका यंत्राचे ३५ लाखांचे अनुदान त्याने घरी बसवलेल्या पन्नास कोयत्यांत वाटून पाहिले तर कोयत्यामागे ७० हजार रुपये येतात. एका हंगामाच्या उचलीपेक्षाही कमी! सरकारी तिजोरीतून एवढी रक्कम कोयता थांबवण्यासाठी गेली, ती देताना कोयतेवाल्यासाठी एक अटही घातली गेली नाही, ही माझी तक्रार आहे.

माझ्या पत्राचा अर्थ कोणी 'यंत्रे बंद करा' असा काढू नये. कोयता आमच्या घरातून जावा हीच आमच्या तीन पिढ्यांची इच्छा आहे. कडाक्याच्या थंडीत पहाटे चारला कोपीतून निघणे, गरोदरपणाच्या आठव्या महिन्यापर्यंत डोक्यावर मोळी वाहणे, आजारपणाचा एक दिवस पडला की खाड्याचा दंड भरणे, यात जपून ठेवण्यासारखे काही नाही. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणाचे आकडे आले, त्यांत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. ज्या कामाने हे केले ते काम यंत्राने घेतले म्हणून मी रडणार नाही. काम गेल्यावर ती बाई कुठे जाणार, एवढेच मला विचारायचे आहे. कोयता ही नवरा-बायकोची जोडी असल्यामुळे गेलेल्या कामातले अर्धे काम बायकांचे असते. यंत्राबरोबर आठ-दहा नवी कामे येतात, चालक, मदतनीस, ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरचे ड्रायव्हर, मेकॅनिक, डिझेल पोचवणारा. त्या कामांवर मला आजवर एकही बाई दिसलेली नाही.

कारखान्यांची बाजूही मी जाणतो. मजूर मिळत नाहीत, हे त्यांचे म्हणणे निव्वळ बहाणा नाही. शिकलेली पोरे कोयता धरायला तयार नाहीत, आणि त्यांनी धरू नये म्हणूनच आम्ही शाळा चालवतो. उचल घेऊन पळालेल्या मुकादमांनी अनेक वाहतूकदारांना देशोधडीला लावले आहे. ट्रॅक्टरवर कर्ज आणि टोळीचा पत्ता नाही, अशी माणसे मी पाहिली आहेत. २०२१-२२ मध्ये उसाचे अमाप पीक आले, हंगाम जूनपर्यंत ओढला गेला आणि मराठवाड्यात ऊस रानात वाळत असताना तोडीसाठी शेतकऱ्याने कोणाकोणाचे पाय धरले, हेही आम्ही विसरलेलो नाही. त्या उन्हाळ्यात यंत्रे असती तर बरे झाले असते, असे मलाही वाटते. शेतकऱ्याला यंत्राच्या तोडीत पाल्यापाचोळ्यापोटी साडेचार-पाच टक्क्यांची वजनघट सोसावी लागते आणि तरीही तो यंत्र मागतो, यातच त्याची अगतिकता आली. तेव्हा भांडण शेतकऱ्याशी नाही, आणि यंत्राशी तर नाहीच.

भांडण पद्धतीशी आहे. कारखान्याच्या आत, ऊस टाकायच्या गव्हाणीपासून गोदामापर्यंत जो कामगार आहे, त्याच्या कामावर परिणाम करणारे नवे यंत्र आणायचे आणि त्यामुळे माणसे कमी होणार असतील तर १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे २१ दिवस आधी सूचना द्यावी लागत असे, आणि कमी केलेल्या कामगाराला दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागत असे. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही या तरतुदी आहेत. कारखान्याच्या फाटकाबाहेर, त्याच कारखान्यासाठी, त्याच्याच शेतकी खात्याच्या प्रोग्रामप्रमाणे ऊस तोडणाऱ्याला यातले काही लागू होत नाही, कारण कागदावर तो कोणाचाच कामगार नाही. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, आणि मुकादमाचा कोयत्याशी, तोही बहुधा तोंडी किंवा कोऱ्या बाँडवर. त्याला काढून टाकण्यासाठी कोणाला काहीच करावे लागत नाही. पोळ्याच्या सुमारास मुकादम दारात येतो, तो त्या वर्षी येत नाही, एवढेच.

ज्यांची नावे हजेरीपटावर होती त्यांच्या बाबतीत याच देशात यंत्र वेगळ्या रीतीने आले. बँकांमध्ये संगणक आणायचे ठरले तेव्हा १९८३ मध्ये बँक व्यवस्थापनांनी कर्मचारी संघटनांशी करार केला. कुठे किती यंत्रे बसवायची, ती कोण चालवणार, त्यांना प्रशिक्षण कोण देणार आणि कोणाचीही नोकरी जाणार नाही, हे टेबलावर बसून ठरले. पुढे त्या मर्यादा सैल होत गेल्या, पण ज्या कारकुनाने लेजर लिहिले होते तोच संगणकासमोर बसला. त्या काळी संगणकाला विरोध केला म्हणून बँक संघटनांची पुष्कळ थट्टा झाली. माझ्या मते ती थट्टा करणाऱ्यांनी करारातली कलमे वाचली नव्हती.

ऊसतोडणीचेच उदाहरण हवे असेल तर ब्राझीलचे आहे. साओ पाउलो राज्यात ऊस पेटवून मग हाताने तोडत. २००२ मध्ये तिथे कायदा करून ही पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरले आणि २००७ मध्ये सरकारने कारखानदारांशी बोलून ती मुदत बरीच अलीकडे, यंत्र चालेल अशा सपाट जमिनीसाठी २०१४ पर्यंत आणि बाकीसाठी २०१७ पर्यंत आणली. न पेटवलेला ऊस हाताने तोडणे परवडेना, यंत्रे भराभर आली आणि काही वर्षांत त्या राज्यातली जवळजवळ सगळी तोडणी यांत्रिक झाली. तिथले तोडणी कामगारही आमच्यासारखेच दुष्काळी मुलखातून, देशाच्या ईशान्य भागातून येत. कारखानदार आणि शेतमजूर यांच्या संघटनांनी मिळून त्यांच्यासाठी ट्रॅक्टर, यंत्रचालन, वेल्डिंग, वीजकाम शिकवण्याचा कार्यक्रम काढला. त्यात काही हजार माणसे शिकली, आणि बाहेर पडलेली माणसे त्याच्या कितीतरी पट होती. म्हणजे तिथेही पुरेसे झाले नाही. तरीपण तिथल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे तारीख. आमच्या कोयत्याला तारीखही माहीत नाही. तो दरवर्षी उचल घेतो, कारण यंदा यंत्र कोणत्या गटात येणार आहे हे त्याला जानेवारीत बांधावर उभे राहिल्यावर कळते.

म्हणून नव्या करारात यंत्राविषयी स्वतंत्र कलम असावे आणि त्याची सुरुवात सर्वांत स्वस्त गोष्टीने, माहितीने, व्हावी. कोणत्या गटातला किती ऊस यंदा यंत्राने तोडला जाणार आहे, याचा आराखडा कारखान्याच्या शेतकी खात्याकडे असतो. तो प्रत्येक कारखान्याने पोळ्याच्या आत जाहीर करावा आणि ज्या तालुक्यांतून त्याच्याकडे टोळ्या येतात तिथल्या ग्रामपंचायतींना पाठवावा. उचल त्याच सुमारास वाटली जाते, त्यामुळे त्याआधी कळले तर माणूस कमी उचल घेईल, दुसरा कारखाना बघेल किंवा त्या वर्षी घरीच थांबेल. साखर आयुक्तालय गाळपाचे आकडे रोजच्या रोज देते. त्यात हाताने तोडलेला ऊस किती आणि यंत्राने किती, असे दोन रकाने वाढवले तर हंगामाअखेर वादाला जागा उरणार नाही. उसाला पाणी किती द्यायचे हे कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारण्याचे प्रयोग चालू आहेत, राज्याने २०२५ मध्ये शेतीतल्या या तंत्रज्ञानासाठी धोरणही मंजूर केले. त्याच राज्याला दोन रकाने जड जाऊ नयेत.

दुसरे, दराचे. यंत्र उभा ऊस घेऊन लोळलेला ऊस माणसाला ठेवणार असेल तर दोन्ही उसांना एकच दर हा अन्याय आहे. लोळलेल्या उसात कोयत्याची दिवसाची दोन टनांची तोड सव्वा टनावर येते, हे कोणताही शेतकी अधिकारी सांगेल. तेव्हा ज्या गटात यंत्र लावले आहे तिथे उरलेल्या फडांना वाढीव दर असावा, आणि कारखान्याच्या प्रोग्राममुळे टोळी बसून राहिली तर त्या दिवसांचा बैठा भत्ता उचलीतून वजा व्हावा. टोळीने खाडा केला तर दंड घेता ना? मग कारखान्याच्या खाड्यालाही काही किंमत असू द्या.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि इथे कारखाने मान हलवतील हे मला माहीत आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी दहा रुपये आणि तेवढेच राज्य सरकारने द्यायचे, असे २०२१ मध्ये ठरले आहे. ती रक्कम हात आणि यंत्र असा भेद करत नाही. माझी सूचना अशी की यंत्राने तोडलेल्या प्रत्येक टनामागे, मुकादमाच्या कमिशनाएवढी, म्हणजे आजच्या दराने ७३ रुपये, रक्कम याच महामंडळात वेगळ्या खात्यावर जमा व्हावी, कारण यंत्राच्या तोडीत मुकादम नसतो. वर धरलेल्या एक कोटी आठ लाख टनांवर तिचे ७९ कोटी रुपये होतात, आणि ४५ हजार कोयत्यांमागे वर्षाला साडेसतरा हजार. ही काही संसार उभा करणारी रक्कम नव्हे. पण अंगावर राहिलेल्या उचलीतला काही भाग फेडायला किंवा मुकादमाच्या दारात न जाता एक पावसाळा काढायला ती कामी येते, आणि आमच्याकडे माणूस अडकतो तो बहुधा त्याच पावसाळ्यात. कारखाना म्हणेल की यंत्रमालकाला आम्ही कमिशनासह सगळा दर देतो, आमची बचत काहीच नाही. असेल तसे. मग तो हिशोब बैठकीत मांडावा, आणि निदान ज्या यंत्राला सरकारने ३५ लाख दिले आहेत त्याच्या मालकाकडून तरी ही रक्कम घ्यावी.

अनुदानाच्या अटींचेही बघा. योजनेत शेतकरी, उद्योजक, कारखाने, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था आणि उत्पादक कंपन्या पात्र होत्या, आणि अर्जदाराने किमान २० टक्के पैसा स्वतःचा घालायचा होता. कोटीच्या यंत्राला वीस लाख. कोयतेवाल्याकडे वीस लाख कुठून येणार, त्याच्याकडे तर उणे एक लाख असतात! पुढची योजना निघेल तेव्हा ठरावीक यंत्रे ऊसतोड कामगारांच्या नोंदणीकृत संस्थांसाठी राखून ठेवावीत, त्यांचा स्वतःचा हिस्सा महामंडळाने भरावा, आणि प्रत्येक अनुदानित यंत्रावर किमान चार माणसे, त्यांत दोन बायका, ऊसतोड कुटुंबांतून प्रशिक्षण देऊन घ्यावीत. ज्या बाईने बैलगाडीत दीड टन मोळ्या रचल्या आहेत तिला ट्रॅक्टर चालवता येणार नाही, असे कोणी माझ्यासमोर म्हणू नये.

हे सगळे करण्यासाठी आधी नावे लागतील. ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचे काम २०२१ पासून चालले आहे. माझ्या गावात ज्यांच्याकडे ते कार्ड आहे त्यांतल्या बहुतेकांनी ते पत्र्याच्या पेटीत, लग्नपत्रिकेशेजारी ठेवले आहे, कारण ते दाखवून काहीतरी मिळते असा अनुभव अजून त्यांना यायचा आहे. कार्डावर नवऱ्याचे नाव आहे. कोयत्यात अर्धा वाटा असलेल्या बाईचे वेगळे कार्ड करा, आणि कारखान्याने टोळीची यादी त्या क्रमांकांनी घ्यावी. एवढे झाले की कोणत्या वर्षी कोण आले नाही हे निदान दिसेल.

राहिला प्रश्न गावात काम देण्याचा. १९७२ च्या दुष्काळानंतर याच राज्याने रोजगार हमीचा कायदा केला, आणि त्याचा पैसा शहरातल्या नोकरदाराच्या व्यवसायकरातून व तेवढ्याच सरकारी वाट्यातून उभा केला. ज्याला काम आहे त्याने ज्याला काम नाही त्याच्यासाठी थोडे द्यावे, ही कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्यासारख्या माणसाने इथेच मांडली आणि विधिमंडळाने ती मान्य केली. माझ्या आईने कोयता धरण्याआधी नालाबांधाची खडी फोडली ती त्याच कायद्याखाली. तेव्हा यंत्राने वाचवलेल्या पैशातला थोडा भाग माणसाकडे वळवा, असे म्हणताना मी कोणतीही परदेशी कल्पना मांडत नाही. बालाघाटात पाणी अडवण्याचे, झाडे लावण्याचे, बांधबंदिस्तीचे काम पुढची वीस वर्षे पुरेल एवढे आहे. ते नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत, उचलीच्या ऐवजी म्हणून, निघाले पाहिजे. आमच्याकडे ते निघते तेव्हा गाव निम्मे कारखान्यावर गेलेले असते आणि मजूर मिळत नाहीत असा शेरा मारून कामे बंद होतात.

संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना शेवटी एक विनंती. आपण दरवाढीसाठी भांडलात म्हणून आमच्या घरात चार पैसे आले, हे मी नाकारत नाही. पण यंत्राचा विषय निघाला की 'यंत्र चालू देणार नाही' असे भाषण करायचे आणि करारावर सही करताना त्याचे नावही काढायचे नाही, हे गेल्या काही वर्षांत झाले आहे. संपाची ताकद ऊस रानात उभा राहण्यात असते. तो ऊस यंत्राने जाऊ लागला की ती ताकद दर हंगामाला कमी होणार, त्यामुळे हे कलम मागायचे असेल तर याच खेपेला मागा.

ती दोन भावंडे जूनपासून पाचवीत गेली, म्हणजे शेजारच्या गावच्या शाळेत. त्यांच्या बापाने मुकादमाचा निरोप येण्याची वाट पाहत रोहिण्यांत दीड एकर कापूस लावला आहे. यंदा यंत्र कोणत्या गटात जाणार, हे त्याने मला दोनदा विचारले. मी मास्तर असल्यामुळे मला ठाऊक असेल, असे त्याला वाटते. आपल्यापैकी ज्यांच्याकडे ती यादी आहे त्यांनी ती पोळ्याआधी आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावण्याची व्यवस्था करावी.

आपला विश्वासू,
ऊसतोड कुटुंबातील एक प्राथमिक शिक्षक
ता. धारूर, जि. बीड